कोठारापुढे दहा भाऊ

बायबलमधली योसेफाची गोष्ट रिसोडच्या माणसाला फार समजावून सांगावी लागत नाही. बापाचा एका लेकरावर जीव, बाकीच्यांच्या पोटात दुखणं, वेगवेगळ्या आयांची मुलं आणि मग दुष्काळ. एवढं सांगितलं की पुढचं इथली माणसं आपापल्या अनुभवाने पुरं करतात. वाशिम जिल्ह्यातला हा तुरी-सोयाबीनचा तालुका. धुऱ्यावरून भावाभावांचं बोलणं बंद होतं, सामाईक विहिरीच्या पाळीवरून कोर्टात तारखा पडतात, लग्नपत्रिकेतून एखाद्या काकाचं नाव गळतं आणि ते सगळ्या गावाला दिसतं. असा अबोला सुटतो तेव्हा नेमकं कोण काय करतं आणि त्यात देवाचा हात कुठे असतो, याचं ख्रिस्ती उत्तर शोधायचं तर धर्मशास्त्राच्या जाड पुस्तकांआधी ही गोष्ट सावकाश वाचावी.

ती जुन्या करारातल्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकात आहे, अध्याय ३७ ते ५०. ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान या तिघांचीही ती आहे. कुराणाचा १२वा सूरा यूसुफच्याच नावाचा आहे, त्यामुळे रिसोडात ही गोष्ट ख्रिस्ती घरांपेक्षा मुसलमान घरांतच जास्त सांगितली गेली असेल. जिल्ह्यात ख्रिस्ती माणसं मूठभर. वाशिमला मेथडिस्ट मिशनने काम केलं, त्यांचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल जिल्ह्याला परिचित आहे. कॅथलिकांचा कारभार १९५५ साली स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांताकडे आहे. पण गोष्ट समजायला ख्रिस्ती असावं लागत नाही.

याकोबाला चार बायकांपासून बारा मुलगे झाले. त्यातली राहेल त्याच्या मनातली. तिचे दोघे, योसेफ आणि धाकटा बन्यामीन. योसेफ १७ वर्षांचा होता आणि थोरल्यांच्या चहाड्या बापाच्या कानावर घालत होता. बापाने त्याला एकट्याला खास अंगरखा केला. त्यात भर म्हणून पोराला स्वप्नं पडायची आणि ती तो घरभर सांगायचा. शेतात पेंढ्या बांधताना भावांच्या पेंढ्या माझ्या पेंढीला नमस्कार करतात, असलं काहीतरी. पोरगं गुणी होतं, पण कुठे काय बोलावं हे त्याला कळत नव्हतं. गोष्ट सांगणाऱ्याने त्याला सोज्वळ करून ठेवलेलं नाही, हे मला त्यातलं पहिलं मोठेपण वाटतं.

पुढे दोथान नावाच्या ठिकाणी, घरापासून लांब, भावांनी त्याला गाठलं. अंगरखा ओरबाडला आणि एका कोरड्या टाक्यात ढकलून दिलं. थोरल्या रऊबेनच्या मनात त्याला मागाहून गुपचूप काढायचं होतं, पण ते मनातच राहिलं. यानंतर एक लहानसं वाक्य येतं, त्यात एवढंच सांगितलं आहे की भाऊ भाकरी खायला बसले. खाली टाक्यात सतरा वर्षांचा भाऊ गयावया करतो आहे आणि वर शिदोरी सुटली आहे. त्याच्या गयावया करण्याचा उल्लेखही या ठिकाणी नाही. तो पाच अध्यायांनी येतो, तोही भावांच्याच तोंडून. ते पुढे येईलच.

तेवढ्यात मसाल्याचे व्यापारी उंट घेऊन मिसरकडे, म्हणजे इजिप्तकडे, निघालेले दिसले. यहूदा म्हणाला, मारून आपल्या हाती काय येणार, विकून टाकू. २० चांदीच्या नाण्यांना सौदा झाला. अंगरखा बकऱ्याच्या रक्तात भिजवून बापाकडे पाठवला, ओळखा म्हणून. बापाने ओळखला. याच याकोबाने तरुणपणी हातांना करडाचं कातडं गुंडाळून आपल्या आंधळ्या बापाला फसवलं होतं आणि थोरल्या भावाचा, एसावाचा, आशीर्वाद लाटला होता. तेव्हाही बकरं, आत्ताही बकरं. सांगणारा यावर एक अक्षर बोलत नाही. वाचणाऱ्याने जोडून घ्यावं.

मिसरमधला भाग बहुतेकांना माहीत असतो, तो भरभर घेतो. पोटीफरच्या घरी गुलामी, त्याच्या बायकोचा खोटा आळ, तुरुंग. तुरुंगात राजाच्या प्यालेबरदाराला स्वप्नाचा अर्थ सांगितला. तो सुटला आणि दोन वर्षं योसेफाला विसरला. मग राजाला, फारोला, सात पुष्ट आणि सात रोड गाईंचं स्वप्न पडलं तेव्हा त्याला आठवण झाली. ३०व्या वर्षी योसेफ मिसरचा कारभारी झाला. सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात भरला. मग दुष्काळ आला आणि कनान देशातल्या म्हाताऱ्या याकोबाने मुलांना म्हटलं, एकमेकांच्या तोंडाकडे काय बघता, मिसरला धान्य आहे म्हणतात, जाऊन आणा. दहा भाऊ निघाले. बन्यामीनला बापाने सोडलं नाही.

या चौदा अध्यायांत एक गोष्ट जवळजवळ कुणाच्या ध्यानात येत नाही. देव योसेफाशी एकदाही थेट बोलत नाही. अब्राहामाशी बोलला, याकोबाशी बोलला, मोशेशी तर पुढे समोरासमोर बोलेल. योसेफाच्या वाट्याला आवाज नाही, दूत नाही, समुद्र दुभंगत नाही. स्वप्नं आहेत, पण तीही अर्थ लावल्याशिवाय मुकी. बाकी सगळं साध्या कारणांनी घडतं. व्यापारी वेळेवर येतात, एक नोकर विसरतो, पाऊस पडत नाही. ख्रिस्ती धर्मशास्त्र ज्याला ईश्वरी योजना म्हणतं ती या गोष्टीत अशी आहे. चमत्कार न करता, माणसांच्या चांगल्या-वाईट हेतूंमधूनच पुढे सरकणारी. घडताना ती कुणालाच दिसत नाही.

आता कोठारापुढचा प्रसंग. दहा भाऊ जमिनीला कपाळ लावून धान्याची किंमत विचारतात. समोरचा अधिकारी मिसरी पोशाखात, दुभाष्यामार्फत बोलणारा. त्याने त्यांना ओळखलं, त्यांनी त्याला नाही. लगेच मिठी मारून मोकळा होणारा योसेफ आपल्याला आवडला असता, पण तो तसं करत नाही. तुम्ही हेर आहात म्हणतो, तीन दिवस कोठडीत घालतो. तिसऱ्या दिवशी भाऊ त्याच्यासमोरच आपसात बोलतात, त्याला आपली भाषा कळत नाही या समजुतीने. आपण भावाच्या बाबतीत गुन्हेगार आहोत, तो जिवाच्या आकांताने विनवत होता आणि आपण ऐकलं नाही, त्याचंच हे फळ. टाक्यातला तो आक्रोश इतक्या वर्षांनी इथे पहिल्यांदा ऐकू येतो. म्हणजे तो त्यांच्या कानातून गेलेलाच नव्हता. योसेफ तोंड फिरवून रडतो आणि परत येऊन शिमोनला ओलीस ठेवतो, धाकट्याला आणल्याशिवाय सुटका नाही म्हणतो.

हा छळ कशासाठी? सूड म्हणावा तर गोणींत त्यांचे पैसे परत ठेवले जातात. माझं मत असं की योसेफाला एकच गोष्ट हवी होती, ही माणसं बदलली आहेत की फक्त घाबरली आहेत याची खात्री. म्हणून दुसऱ्या खेपेला बन्यामीन आला तेव्हा त्याने जेवणात त्याला इतरांच्या पाचपट वाढलं. पुन्हा बापाचं लाडकं, पुन्हा उघड पक्षपात, बघू यांच्या पोटात दुखतं का. मग त्याच्या गोणीत चांदीचा प्याला लपवला आणि चोरी धरली. ज्याच्याकडे सापडला तो गुलाम, बाकीच्यांनी खुशाल घरी जावं. वीस-बावीस वर्षांपूर्वीचा तोच डाव त्याने पुन्हा मांडला. राहेलचा मुलगा, मिसरची गुलामी आणि थोरल्यांना हात झटकून घरी जायची मोकळीक. या वेळी तर त्यांचा दोषही नव्हता.

पुढे येतो तो यहूदा. सौदा सुचवणारा तोच. तो म्हणतो, पोराशिवाय गेलो तर बाप मरेल, मी त्याला जामीन आहे, याच्या जागी मला ठेवून घ्या. १२व्या शतकातला ज्यू पंडित मोशे बेन मायमोन, ज्याला युरोपात मायमोनिडीझ म्हणतात, त्याने पुऱ्या पश्चात्तापाची कसोटी सांगितली होती. तीच संधी पुन्हा यावी, ते पाप करण्याची ताकद अंगात असावी आणि तरी माणसाने ते करू नये. यहूदा त्या कसोटीला उतरतो. त्याने ना कपाळ बडवलं, ना उपास केला. आपला भाऊ सुटावा म्हणून आपला देह पुढे केला. ख्रिस्ती वाचकाला इथे आणखी काही दिसतं, कारण मत्तयच्या शुभवर्तमानातली येशूची वंशावळ योसेफाकडून नाही तर या यहूदाकडून येते.

योसेफाने सगळ्यांना बाहेर घालवलं आणि असा हंबरडा फोडला की फारोच्या वाड्यापर्यंत ऐकू गेला. मी योसेफ, बाप जिवंत आहे ना? भावांच्या तोंडून शब्द फुटेना. मग तो त्यांना म्हणाला की मला तुम्ही विकलंत, पण तुमच्या आधी मला इथे देवानेच पाठवलं, माणसं जगवायला. निरोप देताना त्याने बजावलं, वाटेत भांडू नका. हे शेवटचं लिहिणारा आपल्या भावंडांत वाढलेला असला पाहिजे.

याच ठिकाणी ख्रिस्ती विचारातला सगळ्यात नाजूक सांधा आहे. देवानेच पाठवलं म्हटलं की भाऊ निर्दोष ठरतात का? नाही. शेवटच्या अध्यायात योसेफ दोन्ही गोष्टी एका दमात बोलतो. तुमचा हेतू वाईट होता आणि देवाने त्यातून चांगलं घडवलं. पहिलं दुसऱ्याने पुसलं जात नाही. आपल्याकडे ‘नशिबात होतं’ म्हणून जो विषय मिटवतात त्याच्याशी याचं दुरून साम्य दिसतं, पण नशीब सांगितलं की कर्ता नाहीसा होतो. ईश्वरी योजनेत तो उभाच असतो, नावानिशी, २० नाणी हातात घेऊन. कर्मफळाच्या हिशेबाहूनही ही कल्पना वेगळी आहे, कारण योसेफाने टाक्यात पडण्याजोगं काही केलं होतं असं कुणी म्हणत नाही.

आणि हे वाक्य कोण बोलतो ते पाहा. विकला गेलेला बोलतो, विकणारे नाहीत. समजा यहूदानेच म्हटलं असतं, अरे बरं झालं ना, आम्ही विकलं नसतं तर तू कारभारी झाला असतास का? शब्द तेच, पण ऐकवणार नाहीत. देवाच्या इच्छेचा हवाला देण्याचा हक्क ज्याला सोसावं लागलं त्याचा, सोसायला लावणाऱ्याचा नाही. सुनेला माहेरी हाकलून देणारे, बहिणीला हिस्स्यातून उडवणारे लोक पाच-दहा वर्षांनी समेटाला बसतात आणि देवाची इच्छा म्हणून सुरुवात करतात, तेव्हा ते योसेफाचं वाक्य यहूदाच्या तोंडात घालत असतात. चर्चमध्येही हे होतं, आणि ऐकणाऱ्या बाईकडून लगेच माफीची अपेक्षा असते. गोष्टीत मात्र माफीच्या आधी कोठडी आहे, ओलीस आहे, जामीन आहे.

आणखी एक सांगून टाकतो, जे प्रवचनांत सहसा गाळतात. ४७व्या अध्यायात हाच योसेफ उपाशी मिसरी शेतकऱ्यांना कोठारातलं धान्य विकतो. आधी त्यांचे पैसे संपतात, मग गुरंढोरं जातात, मग जमिनी फारोच्या नावावर होतात आणि पुढे कायमचा पाचवा हिस्सा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा लागोपाठच्या दुष्काळांत वऱ्हाडातल्या कुळांनी सावकाराकडे जे पाहिलं त्याच्याशी हे फार जुळतं. भावांना क्षमा करणारा माणूस परक्या शेतकऱ्यांच्या बाबतीत कठोर हिशेबी निघाला. बायबलने ते झाकलं नाही, आपणही झाकू नये.

पुढे याकोब कुटुंबकबिल्यासह मिसरला आला, गोशेन प्रांतात राहिला आणि १७ वर्षांनी तिथेच वारला. बाप जाताच भावांची झोप उडाली. आता हा आपला हिशेब चुकता करणार! त्यांनी निरोप धाडला की मरण्यापूर्वी बाबा सांगून गेले होते, भावांना क्षमा कर. बाबा असं म्हणाले होते याचा आधी कुठेही पत्ता नाही, भीतीपोटी रचलेलं असावं. निरोप ऐकून योसेफ पुन्हा रडला. सतरा वर्षं एका ताटात जेवूनही माफीवर त्यांचा विश्वास बसला नव्हता. बाप आहे तोवर घर एक आणि तेराव्यानंतर मोजणीचा अर्ज, हे आपण पाहिलेलं आहे. मनातली वाटणी कधी झाली होती ते त्या दिवशी कळतं.

नव्या करारात येशूने हाच धागा आणखी ताणला. लूकच्या शुभवर्तमानातल्या उधळ्या मुलाच्या दाखल्यात सगळे धाकट्याच्या परतीवर रडतात, पण दाखला संपतो तो अंगणात अडून बसलेल्या थोरल्यावर. बाप त्याला विनवतो आहे. तो आत गेला की नाही हे येशू सांगत नाही. जक्कय नावाचा जकातदार पश्चात्ताप झाल्यावर लुबाडलेलं चौपट परत करायला निघतो, म्हणजे इथेही शब्दांबरोबर पैसा हलतो. आणि मत्तयच्या ५व्या अध्यायातली आज्ञा तर फार अडचणीची आहे. वेदीपाशी दान घेऊन आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. भावाचं बरोबर की चूक याची चौकशीही नाही. ही आज्ञा अक्षरशः पाळली तर कितीतरी रविवारी दानपेट्या रिकाम्या राहतील.

चर्चने यातून विधी घडवले. कॅथलिक परंपरेत मनाचा खेद, धर्मगुरूपाशी पापांची कबुली, त्यांनी सांगितलेलं प्रायश्चित्त आणि पापमुक्तीचे शब्द, असा क्रम आहे. वसईकडच्या जुन्या पिढीच्या तोंडी याला पोर्तुगीज काळापासूनचा ‘कुमसार’ हा शब्द आहे. १९७३ मध्ये हा विधी सुधारला गेला तेव्हा समेट हा भाग ठळक झाला, देवाशी आणि त्याचबरोबर मंडळीशी. प्रॉटेस्टंटांनी मध्यस्थ काढून टाकला. मार्टिन लूथरच्या १५१७ च्या ९५ प्रबंधांतला पहिलाच असं मांडतो की श्रद्धावंताचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं. वाशिमकडच्या मेथडिस्ट घरांतला संस्कार या दुसऱ्या वळणाचा. दोन्हीकडे धोका एकच, देवाकडे माफी मागून झाली की भावाकडे जायचं राहून जातं. रिसोडजवळच्या शिरपूरला येणाऱ्या जैन बांधवांना हे सांगायला नको. पर्युषणाच्या शेवटी ‘मिच्छामि दुक्कडं’ माणसालाच म्हणायचं असतं, आणि तरी त्याच शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिरावरून दोन पंथांचा वाद दशकानुदशकं कोर्टात राहिला. विधी असूनही समेट अवघड असतो, धर्म कुठलाही असो.

मराठी मुलखात या विषयाला एक पीळ आहे जो युरोपातल्या पुस्तकांत सापडत नाही. तिथे धर्म घर सांधायला येतो, इथे १९व्या शतकात ख्रिस्ती होणं हेच घर मोडण्याचं कारण होतं. मग पश्चात्ताप कुणी करायचा आणि कशाचा?

१८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने स्कॉटिश मिशनकडून बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय बाराच्या आसपास, मिशनऱ्यांकडेच राहत होता. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता, पण तिथलं अन्न पोटात गेलं होतं. बाप सुप्रीम कोर्टात गेला, कोर्टाने मुलगा बापाच्या हवाली केला. प्रश्न तिथे संपला नाही, तिथून सुरू झाला. मुलगा घरी आला, पण जातीत कसा घ्यायचा? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं अशी बाजू घेतली आणि ते घडवून आणलं. सनातन्यांनी त्यावर इतका गदारोळ केला की बाळशास्त्री आणि त्यांचे साथीदारच बहिष्काराच्या तोंडी आले. बारा वर्षांच्या पोराने दुसऱ्याच्या घरी जेवण्याबद्दल पश्चात्ताप करायचा, आणि तोही पुरेसा नाही असं मोठ्यांनी ठरवायचं! एका घरातला एक भाऊ ख्रिस्ती झाला, दुसरा प्रायश्चित्त घेऊन माघारी आला.

नारायण शेषाद्री पुढे पाद्री झाले आणि निजामाच्या हद्दीत जालन्याला गेले. रिसोडहून लोणार, मंठा ओलांडलं की जालना. वऱ्हाड आणि मोगलाई यांच्या सीमेवरचा हा टापू, माणसांचं येणंजाणं जुनं. जालन्याजवळ त्यांनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या कारकिर्दीत मिळालेल्या जमिनीवर ख्रिस्ती झालेल्या, मुख्यत्वे मातंग आणि महार समाजातल्या कुटुंबांची वस्ती वसवली. तिचं नाव ठेवलं बेथेल. बायबलमध्ये बेथेल ही जागा आहे जिथे भावाला फसवून पळालेला याकोब उशाला धोंडा घेऊन झोपला आणि त्याला आकाशापर्यंतची शिडी दिसली. नाव देताना शेषाद्रींच्या मनात काय होतं ते कुणी सांगावं, पण घरातून तुटलेल्या माणसाने उभारलेल्या, जातींनी बाहेर ठेवलेल्यांच्या वस्तीला याहून नेमकं नाव मिळालं नसतं.

कायद्यानेही या तुटीत हात घातला. १८५० च्या २१व्या कायद्याने धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही असं ठरवलं. १८६६ मध्ये आणखी एक कायदा झाला. ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याला किंवा बायकोला जोडीदार त्या कारणाने सोडून राहत असेल तर कोर्टाकडून लग्न मोडून घेता येई, मात्र कोर्ट आधी फेरविचाराला एक वर्षाचा अवधी देई. हा कायदा मनात ठेवून नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्याकडे पाहावं.

टिळक कवी, संस्कृतज्ञ, आणि स्वभावाने एका जागी न ठरणारे. न सांगता घरातून निघून जाणं लक्ष्मीबाईंना नवं नव्हतं. नागपूरला ते आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला काम करत होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. बायकोला विचारलं नव्हतं. लक्ष्मीबाई तेव्हा सत्तावीस वर्षांच्या आसपास, पदरात दत्तू नावाचा लहान मुलगा. माहेरचं सोवळं इतकं कडक की घरात येणाऱ्या वस्तू धुवून घ्यायच्या. अशा बाईचा नवरा जिवंत असून जातीला मेला. पुढची जवळपास पाच वर्षं त्या नातलगांच्या आधाराने राहिल्या, त्यातली बरीच पंढरपुरात. दुःखाने वेड लागायची पाळी आली. पत्रं मात्र येत-जात राहिली. टिळकांना १८६६ चा कायदा खुला होता, त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. बाप्तिस्म्याबद्दल खेद नव्हता, ते त्यांना सत्य वाटत होतं. त्यांनी फक्त वाट पाहिली. मला वाटतं त्यांच्या बाजूने पश्चात्तापाचं रूप तेवढंच शक्य होतं.

लक्ष्मीबाई नगरला टिळकांकडे आल्या तेव्हाही ख्रिस्ती व्हायला आल्या नव्हत्या, नवऱ्याजवळ राहायला आल्या होत्या. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, सोवळं शाबूत. योसेफाच्या पंगतीतही मिसरी लोक एका बाजूला, इब्री लोक, म्हणजे योसेफाचे भाऊ, दुसऱ्या बाजूला आणि योसेफ तिसरीकडे, असे तीन पाट मांडलेले होते, कारण मिसरींना इब्री लोकांबरोबर जेवणं निषिद्ध. समेट झाल्यावर पंक्ती एक होतात असं नाही, आधी वेगळ्या पंक्तींनिशी एका छपराखाली राहायला लागतं. पुढे एके दिवशी त्यांच्याच विचाराने जात सुटली. ही विभागणी देवाने नाही, माणसांनी केली, अशी त्यांची त्यांनाच खात्री पटली. १९०० साली त्यांचा आणि दत्तूचा बाप्तिस्मा झाला. त्यांना कुणी वाद घालून जिंकलं नव्हतं, म्हणून त्या पुढे कुणाच्या मिंध्या राहिल्या नाहीत.

त्या घराने नंतर अनेक पोरकी आणि परकी मुलं पोसली. बालकवी ठोंबरे त्यांच्याकडे राहिले, हिंदू म्हणून आले आणि हिंदूच राहिले. टिळक ९ मे १९१९ ला गेले. येशूचं चरित्र ओवीबद्ध करणारं त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अकराव्या अध्यायापाशी थांबलं होतं. औपचारिक शिक्षण जवळजवळ नसलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय लिहून ते पुरं केलं.

आपल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी ती पाच वर्षं सैल हाताने लिहिलेली नाहीत. नवऱ्याचा धांदरटपणा आणि एककल्लीपणा त्या हसत हसत मांडतात, स्वतःचीही टर उडवतात, पण तुटलेपणाचं दुःख आहे तसं ठेवतात. पुढे सगळं चांगलं झालं म्हणून मागचंही चांगलंच होतं, असा रंग त्यांनी त्याला दिला नाही. पुस्तकाचा पहिला भाग १९३४ मध्ये निघाला. १९३६ च्या फेब्रुवारीत त्या वारल्या तेव्हा नवऱ्याला जाऊन सतरा वर्षं होत आली होती.